आइसलँड सरकलं का?

“जायला सव्वादोन तास आणि यायला सव्वाचार. मधल्या मधे आइसलँड सरकलं का?”

फोनवर डायन होती. शिकागोत तिची ट्रॅव्हल वेबसाइट आहे. दोन शहरं टाकली की अंतर आणि विमानाला लागणारा वेळ दाखवणारं तिचं पान आमची टीम सांभाळते. आम्ही पाचजण, सगळे पुण्या-नागपूरचे, अ‍ॅरिझोनातल्या चँडलरला बसतो. त्याच आठवड्यात कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचं होतं. ते गेलं असतं तर टीम गेली असती, आणि माझा व्हिसाही लटकला असता.

डेन्मार्कचं कोपनहेगन ते आइसलँडचं रेक्याविक. शनिवारपर्यंत पान दोन्हीकडून सव्वातीन तास दाखवत होतं. सोमवारी हे.

“वारा,” आमचे मॅनेजर विवेक म्हणाले. “हेडविंड, टेलविंड. येताना समोरून, जाताना पाठीमागून.”

“वारा रविवारी सुरू झाला?”

“सीझन बदलतो, डायन. पानावर तशी नोट टाकतो आजच.”

मी म्यूटवर होते. बहुतेक वेळा असतेच. विवेक ऑफिसात नुसते विवेक असतात. रविवारी त्यांच्या घरी जेवायला गेलं की विवेककाका. त्यांच्या घरचं वरण खाऊन क्लायंटसमोर त्यांचं म्हणणं खोडायचं, हे मला जमण्यासारखं नव्हतं.

पण तिकडे वारा बहुतेक पश्चिमेकडून वाहतो आणि आइसलँड पश्चिमेला आहे. मग जायलाच जास्त वेळ लागायला हवा. आमचं पान उलटं सांगत होतं. ती नोट वाचून कुठलाही पायलट हसला असता. शिवाय फरक नेमका दोन तासांचा. वारा इतका शिस्तीत वाहत नाही.

मी कोड उघडला. विमान सुटण्याची आणि पोचण्याची वेळ आम्ही टाइमटेबलमधून घेतो. दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या, म्हणून घड्याळांमधला फरक हिशोबात धरावा लागतो. त्यासाठी आमच्या टेबलमध्ये प्रत्येक शहरासमोर एक आकडा होता. कायमचा. रविवारी डेन्मार्कनं उन्हाळ्यापुरती घड्याळं तासभर पुढे केली. आइसलँड कधीच करत नाही. फरक एकाचा दोन झाला. आमचा एकच राहिला. म्हणून जाताना एक तास कमी, येताना एक जास्त.

अ‍ॅरिझोना घड्याळाला हात लावत नाही. भारतही नाही. आमच्या पाचजणांपैकी कुणीही आयुष्यात घड्याळ पुढे केलेलं नव्हतं. मार्चमध्ये डायनचे कॉल तासभर लवकर येऊ लागतात, तेव्हा आम्ही डायनला नावं ठेवतो.

मी अनम्यूट केलं. “काका, वारा उलटा आहे.”

“काका कोण?” डायननं विचारलं.

“मीच,” विवेक म्हणाले. “बोल, बोल.”

मी सांगितलं. डायन म्हणाली, “तुम्ही लोक घड्याळं बदलतच नाही?”

“नाही.”

“नशीबवान आहात. कधी दुरुस्त होईल?”

“आज दुपारी.”

कॉल संपल्यावर विवेक म्हणाले, “अगं, आधी चॅटवर सांगायचं ना, यार!”

“तुम्ही चॅट बघत नाही, काका.”

त्यांनी चॅट उघडलं, बघितलं, बंद केलं.

कुठलं शहर घड्याळ कधी बदलतं याचा तयार, अपडेट होणारा डेटा मिळतो. दुपारी आमचं टेबल काढून तो जोडला. कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं. डायनची अट एकच: घड्याळ बदलणाऱ्या राज्यातलं एक माणूस टीममध्ये हवं. विवेकनी मेगन घेतली, ती ओहायोतूनच काम करते. तिला आमच्या अर्ध्या मीटिंग मराठीमुळे कळत नाहीत, पण वर्षातून दोनदा तिची झोप बिघडते. टेस्टिंगला तेवढं पुरतं.