तव्याची काजळी

चुलीवरच्या तव्याचा जळका वास आला, की मला केनवडच्या दवाखान्यात फुकट सेवा करायला आलेली गोरी बाई आठवते. लढाईचे दिवस होते. काम आटोपलं की ती कॅमेरा घेऊन गावात हिंडायची. गोवऱ्या थापणारी, भाकरी करणारी, तिला सगळ्यांचेच फोटो हवे. "सण ना वार, ही आपले फोटू काहून काढून राह्यली? त्या डबड्यात जीव ओढत असन," असं म्हणत मायनं तव्याची काजळी आम्हा भावंडांच्या गालांना फासली. स्वतःला लावायच्या आतच बाईनं फोटो काढला. तिनं दिलेल्या फोटोत आम्ही काळेठिक्कर, माय तेवढी स्वच्छ. त्याच पावसाळ्यात माय तापानं गेली. तापानंच गेली, मला कळतं. तरी नातवानं मोबाइल रोखला, की माझं बोट तवा शोधतं.