हेडमास्तर तुम्ही, मी साधा मास्तर

मी मुळात तापट माणूस. त्यात दिपोटी साहेबांनी शाळा तपासायला आले असताना, खापराचे मांडे हाणता हाणता भर पंगतीत सांगितलेलं, "गुरुजी, ही शाळा सातवीपर्यंत नेऊन दाखवा, हेडमास्तर तुम्हीच." साहेबाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं मी धरून चाललो.

पाच वर्षं राबलो. कोरीट गावाकडच्या एका खेड्यात घरोघर जाऊन मुलं गोळा केली. पुस्तकी मराठी त्यांच्या डोक्यावरून जायची, म्हणून अहिराणीत फोड करून सांगायचो. बाहेरून फायनलला, म्हणजे सातवीच्या परीक्षेला, बसणाऱ्यांची गणितं तर पहाटे माझ्या घरच्या ओट्यावर घ्यायचो. नेमून दिलेलं काम नव्हतं ते, हौस होती.

सातवी आली आणि तिच्यामागोमाग हेडमास्तरही आला. धुळ्याहून, साहेबांच्या नात्यातला. मी भरलं ताट बाजूला सारलं. बायको म्हणाली, "जाऊ द्या ना, पोरे ते आपलाच शेतस."

पोरं आपलीच आहेत म्हणे! कसलं जाऊ द्या! दुसऱ्या दिवसापासून मी अकराच्या ठोक्याला हजर, पाचच्या ठोक्याला घरी. पहाटेची शिकवणी बंद. नवा हेडमास्तर तसा वाईट नव्हता बिचारा. पोरांची बोली त्याला कळेना, म्हणून मदत मागायला दोनदा माझ्याकडे आला. मी म्हटलं, "हेडमास्तर तुम्ही. मी साधा मास्तर." बोलून फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

त्या साली फायनलला एका शेतकऱ्याची मुलगी बसली होती. पोर हुशार, पण गणितात कच्ची; माझ्या पहाटेच्या शिकवणीच्याच आशेवर होती. बापाने सांगून ठेवलं होतं, पास झाली तर मास्तरीण होऊ देईन, नाहीतर लग्न. हे मला चांगलं ठाऊक होतं.

ती गणितातच नापास झाली. महिन्याभरात लग्न ठरलं.

हळदीच्या आदल्या दिवशी ती माझं गणिताचं पुस्तक परत द्यायला आली. पुस्तक हातात दिलं, तरी जाईना. मग खाली मान घालून म्हणाली, "गुरुजी, मन्हं काय चुकनं व्हतं? तुम्ही मन्हावर कसाले रागावनात?"

वर्षभर पोरीला वाटत होतं, माझा राग तिच्यावर आहे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुन्हं काहीच चुकनं नही, माय," मी म्हणालो. साहेबांचं नाव अगदी ओठांवर आलं होतं. पण शिकवणी काही साहेबांनी बंद केली नव्हती.