काळी कुणासमोर बसली

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, पोलिसांच्या श्वानपथकात बावीस वर्षं होते. कुत्रं हाताळायच्या कामाची शेवटची सहा वर्षं त्यांच्याकडे काळी नावाची कुत्री होती. दीड महिन्याची असताना त्यांनी तिला हातात घेतलं आणि शिकवायला सुरुवात केली. शिकवणं म्हणजे खेळच. आठ डबे ओळीनं मांडायचे आणि त्यातल्या एकात कुणीतरी हाताळलेलं फडकं ठेवायचं. तोच वास तिला आधी हुंगायला द्यायचा. बरोबर डब्यासमोर ती बसली की गुंडाळलेला टॉवेल तिच्यापुढे टाकायचा, मग तिनं तो मनसोक्त चावायचा. दाजी म्हणायचे, तिला चोर आणि साव यातलं काही कळत नाही, तिला फक्त टॉवेल कळतो.

ताई कुरकुरायची. कपड्यांवर काळे केस, अंगाला कुत्र्याचा वास. "दिवसातून पन्नास वेळा तिला शाब्बास म्हणता, मला लग्नापासून एकदा तरी म्हणालात का?" असं ती विचारायची. दाजी हसायचे आणि तेव्हाही म्हणायचे नाहीत.

एका औषधांच्या गोदामात चोरी झाली. कुलूप तोडायला वापरलेली पहार जागेवरच सापडली. तिच्या टोकाला पकडीसाठी चिंधी गुंडाळलेली होती. सकाळी गोदामाच्या अंगणात अकरा कामगारांना रांगेत उभं केलं. जीपमधून उतरता उतरता तपास करणाऱ्या साहेबांनी दाजींना हळूच सांगितलं, तपकिरी स्वेटरवाला तो रखवालदार, पहाऱ्यावर तोच होता, पाणी तिथंच मुरतंय.

काळीनं चिंधी हुंगली आणि रांगेवरून निघाली. पाचव्या माणसापाशी ती थबकली, मान वर करून तिनं दाजींकडे पाहिलं आणि बसली. तपकिरी स्वेटर. साहेबांनी दाजींची पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी पेपरात काळीचा फोटो आला आणि ताईनं तो कापून कपाटाच्या दाराला चिकटवला.

दाजींच्या मनातून मात्र ते वर पाहणं जाईना. वास सापडला की काळी खाली नाक लावूनच बसायची. कुणाकडे बघून बसणं तिच्या शिकवणीत नव्हतं.

पंधरा दिवसांनी त्यांनी मैदानावर स्वतःच एक परीक्षा घेतली. आठ डबे मांडले, पण वास एकातही ठेवला नाही. पथकातल्या एका सहकाऱ्याला त्यांनी सांगितलं, तू दर वेळी मला एक आकडा सांग, वास त्याच डब्यात आहे असं मी मनाशी धरून चालतो. दहा वेळा फेरी मारली. सात वेळा काळी सांगितलेल्या आकड्यापाशी बसली. दाजींना आपला हात कुठं थांबला हे एकदाही जाणवलं नव्हतं. सहकारी म्हणाला, पाय जरा आखडतो तुमचा आणि पट्टा इतकुसा ताणला जातो.

ते साहेबांकडे गेले. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाले, "कुत्री काही बोलणार नाही. तुम्हीही बोलू नका."

आणि दाजी बोलले नाहीत. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढं लोकांनी त्यांना फार मोठं करून ठेवलं. पाच महिने ते गप्प होते. सरकारी घर होतं, त्यांच्या मुलीचं कॉलेज चालू होतं, पेन्शन तोंडावर आली होती. रोज सकाळी ते मैदानावर जायचे, काळीला टॉवेल द्यायचे आणि घरी येऊन जेवायचे. तिकडे रखवालदार तुरुंगात होता. त्याची बायको मुलीला घेऊन भावाकडे राहायला गेली होती.

खटला उभा राहिला तेव्हा दाजींना साक्षीला बोलावलं. रखवालदाराच्या वकिलानं फारशी आशा न ठेवता सहज विचारलं की कुत्रीची चूक होऊ शकते का. दाजी म्हणाले, "कुत्रीची नाही, माझी झाली." मग त्यांनी जीपमधलं बोलणं, मैदानावरची परीक्षा, सगळं सांगून टाकलं. साहेब समोरच्या बाकावर बसून ऐकत होते.

महिन्याभरात रखवालदार सुटला. त्याआधीच दाजींची बदली झाली होती, पथकाच्या भांडारात. तिथं पट्टे, खाण्याची पोती आणि औषधाच्या बाटल्या मोजायच्या. काळी दुसऱ्याच्या हाती गेली. भांडाराच्या खिडकीतून मैदान दिसायचं. पहिल्या आठवड्यात ती खिडकीखाली येऊन उभी राहायची, मग नव्या माणसानं ती सवय मोडली. सवय कशी मोडायची ते त्याला दाजींनीच शिकवलं होतं.

गोदामानं रखवालदाराला परत घेतलं नाही. कागदावर तो निर्दोष होता, पण गल्लीतल्या लोकांच्या डोळ्यांपुढं पेपरातला फोटोच होता. दाजी त्याला भेटायला गेले तेव्हा मी सोबत होतो. तो एका इमारतीत सामान चढवायचं काम करत होता. त्यानं आम्हाला जिन्यातच उभं केलं. दाजींनी माफी मागितली.

त्यानं खांद्यावरचं फडकं झटकलं. मग म्हणाला, "कुत्री तुमच्याकडे बघत होती. मीसुद्धा तुमच्याकडेच बघत होतो. तुम्ही माझ्यापाशी येण्याआधीच माझ्याकडे पाहिलंत. मला तेव्हाच कळलं."

दाजींनी विचारलं, मग तेव्हाच बोलला का नाहीस.

"कुत्रीला खोटं म्हटलं असतं तर कुणी ऐकलं असतं? आणि तुम्हाला कळल्यावर तुम्ही पाच महिने का बोलला नाहीत?"

 तो पाठीवर कपाट घेऊन जिना चढू लागला आणि आम्ही भिंतीला चिकटून त्याला वाट दिली.

काळी नऊ वर्षांची झाल्यावर तिला कामावरून काढलं. दाजी तेव्हा निवृत्त झाले होते. तिला घरी न्यायचं म्हणून त्यांनी अर्ज केला. ताईनं तर गॅलरीत जुनी गोधडीही अंथरून ठेवली होती. उत्तर आलं की नोंदीप्रमाणे शेवटचा हाताळणारा दुसरा आहे, पहिला हक्क त्याचा. त्याला ती नको होती, पण नकार लिहून द्यायला त्यानं दोन महिने लावले. तेवढ्यात ती पिंजऱ्यातच मेली.

आता दाजी लोकांच्या घरी जाऊन कुत्र्यांना शिकवतात. सोफ्यावर चढू नये, पाहुण्यांवर भुंकू नये, पट्टा ओढू नये. पहिल्या दिवशी ते कुत्र्याकडे बघतही नाहीत, मालकाला चालायला लावतात आणि त्याच्या हाताकडे बघत राहतात. काही मालकांना ते अपमानाचं वाटतं आणि ते पुन्हा बोलावत नाहीत. घरी कुत्रं आणायचं ताईनं दोनदा सुचवलं. दोन्ही वेळा ते उठून दुसऱ्या खोलीत गेले.

गेल्या वर्षी त्याच गोदामाचा जुना ड्रायव्हर दुसऱ्या चोरीत सापडला. त्याच्या घरात त्या पहिल्या चोरीतल्या औषधांची खोकी निघाली. ही बातमी मात्र कुठल्या पेपरात आली नाही. पथकाच्या यादीत अजूनही ते प्रकरण काळीच्या यशस्वी कामांत मोडतं. ते काढून टाकावं म्हणून दाजींनी तीन अर्ज दिले. पहिल्या दोन अर्जांना उत्तरच नाही. तिसऱ्याला दोन ओळींचं आलं: सदर श्वान मृत असल्याने नोंदीत बदल करण्याचे प्रयोजन उरत नाही.

दाजींनी ते ताईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, सोडा आता. त्यांनी चष्मा पुसला आणि चौथा अर्ज लिहायला घेतला.