साठच्या पुढचा आवाज

माझ्या गाडीला साठच्या पुढे आवाज यायचा. पन्नासला नाही, पंचावन्नलाही नाही. काटा साठवर गेला की कुठून तरी टर्रर्र सुरू व्हायचं, लोखंडावर लोखंड थरथरावं तसं. वेग उतरवला की बंद. माझं डोकं आधीच लवकर तापतं, त्यात हा आवाज.

वडिलांना, म्हणजे आबांना, दर आठवड्याला लोणीहून नारायणगावला हाडांच्या डॉक्टरकडे न्यावं लागायचं. कमरेचं हाड आजाराने पोखरत चाललं होतं. मी मंचरच्या एका शाळेत शिकवतो. अर्धी रजा टाकायची, आबांना दाखवून घरी सोडायचं आणि दुपारचा तास गाठायचा, अशी माझी धावपळ. लोणीच्या रस्त्याला साठ गाठताच येत नाही. मंचरच्या पुढे हायवे लागला की मी ती सगळी कसर भरून काढायचो.

आबा माझ्या सीटच्या बरोबर मागे बसायचे. आरशात त्यांचं मुंडासं तेवढं दिसायचं. पुढे बसा म्हटलं तर समोरून येणारे ट्रक बघून पोटात गोळा येतो म्हणायचे. उभा जन्म मेंढरांमागे चालण्यात गेलेला माणूस. दिवाळी सरली की कळप घेऊन पायी कोकणात उतरायचे. बसल्या बसल्या कुठे जायचं, हेच मुळात त्यांना पटत नसे. हातातली काठी गाडीतही सुटली नव्हती.

मी विचारायचो, आबा, मागून आवाज येतोय का? ते म्हणायचे, "न्हाई बा, मला तर काय ऐकू येत न्हाई." कान गेले असतील असं मी धरून चाललो आणि अजून एक दुखणं वाढलं म्हणून मनातल्या मनात वैतागलो.

मंचरला माझ्या ओळखीचा मेकॅनिक आहे. त्याने चाकांचं बॅलन्सिंग करून घेतलं, मागचं बेरिंग बदललं, सायलेन्सर आवळला. मग एकटाच हायवेला चक्कर मारून आला आणि म्हणाला, गाडी गप आहे. मीही त्याच्यासोबत जाऊन आलो. ऐंशीला नेली, तरी गप. पुढच्या खेपेला आबा बसले आणि कळंबच्या अलीकडे टर्रर्र हजर. मागे वजन असल्याशिवाय वाजत नसेल म्हणून मेकॅनिकने कांद्याच्या दोन गोण्या मागच्या सीटवर टाकून बघितल्या. त्याही गप. मी त्याच्यावर नाही नाही ते बोललो. तो बिचारा रागावला नाही. म्हणाला, डॉक्टरकडे जाताना या, जो जिथे बसतो तिथेच बसू द्या, मी पुढे बसतो.

त्या दिवशी तो माझ्या शेजारी बसला. हायवेला काटा साठवर गेला आणि आवाज सुरू झाला. मेकॅनिकने मान वळवून मागे बघितलं. बराच वेळ बघत राहिला. मग पुढे तोंड करून म्हणाला, "गाडी हळू घ्या, सर."

नारायणगावहून परत आल्यावर त्याने मला गॅरेजच्या मागच्या बाजूला नेलं.

"गाडीत काय न्हाई. म्हाताऱ्याच्या काठीचा आवाज हाय. तिच्या खालचं लोखंड तुमच्या सीटखालच्या लोखंडी पट्टीला लागतंय."

मला हसूच आलं. एवढंच ना, काठी काढून घेतो, म्हणालो. त्याने मला थांबवलं.

"काठी काढू नका. साठच्या वर गेलं की गचके बसत्यात. मग ते काठीवर भार देऊन सीटवरनं उठत्यात, तसंच अधांतरी बसत्यात. हात थरथरत्यात त्यांचं. लई दुखत असंल, सर."

लहानपणी एक हिवाळा मी आबांसोबत कळपामागे चाललो होतो. एवढ्या मेंढरांत एखादी लंगडायला लागली तर आबा वळून न बघता खुरांच्या आवाजावरून ओळखायचे आणि सगळा कळप थांबवायचे. माझ्या मागे एकच माणूस बसला होता. मला माझीच शरम वाटली, आणि आबांचा रागही आला. हळू चालव, एवढं म्हणायला काय झालं होतं? पण माझं घड्याळाकडे बघणं त्यांनी मागून दर खेपेला बघितलं असणार.

घरी जाताना गाडी चाळीसच्या वर नेली नाही. अवसरी मागे पडल्यावर आबांनी विचारलं, "घावला का रं आवाज?"

"घावला."

"काय व्हतं?"

"बेरिंग."

"मग बरं झालं," ते म्हणाले.

त्यानंतर मी पूर्ण दिवसाची रजा घेऊ लागलो. महिनाभर गाडीत शांतता होती. मग एकदा पन्नासला टर्रर्र ऐकू आलं. मी अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला. पावसाळा संपता संपता चाळीसलाही यायला लागलं. नंतर तिसावर. उसाच्या ट्रॉल्या आम्हाला मागे टाकून पुढे जायच्या, मागचे हॉर्न वाजवायचे, एखादा शिवी घालायचा. मी डाव्या कडेने कान मागे लावून चालवायचो. डॉक्टर कागद बघून काय सांगायचे ते मला वेगाच्या काट्यावरून आधीच कळलेलं असायचं.

थंडीत एका सकाळी मी आबांना उचलून गाडीत बसवलं, काठी हातात दिली, दार लावलं आणि पुढे येऊन बसलो. किल्ली लावली होती, फिरवली नव्हती. गाडी अंगणात उभी होती.

मागून टर्रर्र आवाज आला.

मागे वळून बघायचा धीर झाला नाही. आबाच बोलले.

"बेरिंग पुन्यांदा गेलं वाटतं रं."

मी किल्ली काढून घेतली आणि त्यांना उचलून परत घरात नेलं.