साखरेच्या आगगाडीचा अर्धा साचा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आमच्या घरच्या साखरेच्या आगगाडीच्या साच्याची एक फळी वहिनीने चुलीत घातली नव्हती. ती मी जयपूरला घेऊन आलो होतो.

गावी आमचं होळीच्या गाठी आणि साखरेची खेळणी करण्याचं दुकान. आगगाडीचा साचा सागवानी, दोन फळ्यांचा. आजोबांनी तो कोरून घेतला तेव्हा आमच्या भागात रेल्वे नुकतीच आलेली. चावीची, पत्र्याची विलायती गाडी असायची ती सावकाराच्या पोरांकडे. बाकीच्यांना आमच्याकडची साखरेची. वडील सांगायचे, पोरं ती आधी ओट्यावर झुकझुक चालवायची, मग चाकं चाटायची, आणि धुराडं शेवटपर्यंत राखून ठेवायची. तोवर ते मातीने काळं झालेलं असायचं, मुंग्या लागलेल्या असायच्या. झटकून खायची. हत्ती, पोपट, देऊळ असेही साचे होते, पण पोरं आगगाडीसाठीच हटून बसायची.

वडील गेल्यावर दुकान दादाकडे आलं, ते रीतसरच होतं. मला इथे नोकरी लागली होती. पहिल्या होळीला घरी गेलो, पाक ओतायला पुढे झालो, तर दादा म्हणाला, "राहू दे, साहेबांचे हात भाजतील." सगळे हसले. मीही हसलो. दुसऱ्या दिवशी निघताना साच्याची एक फळी कपड्यांत गुंडाळून घेतली. अख्खा साचा नेला असता तर ती चोरी. अर्धा नेला म्हणजे नुसती खोडी, अशी माझी समजूत. एका फळीत काय ओतणार? दादा अडेल, फोन करेल, मी जरा ताणून धरेन आणि मग देईन.

फोन आला तो वेगळाच. साचे पाण्यात भिजवून वापरायचे आणि नंतर चुलीजवळ सुकत ठेवायचे, हे काम वहिनीचं. "आगगाडीची एक फळी हिने सरपणाबरोबर घातली चुलीत," दादा म्हणाला. मागे वहिनी रडत होती. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "जाऊ दे दादा, जुनंच लाकूड होतं."

पुढे त्याची घरात कायमची थट्टा झाली. वहिनीच्या हातात काही द्यायचं म्हटलं की दादा म्हणणार, "बघ हं, त्या आगगाडीसारखं करू नकोस."

गेल्या दिवाळीत दोघं पहिल्यांदाच आमच्याकडे जयपूरला, मुरलीपुऱ्यातल्या घरी आले. फळी त्यांनाच दिलेल्या खोलीतल्या दिवाणात, रजयांखाली होती. मला बसवेना. पाणी हवंय का, पंखा बंद करू का, असं काहीबाही विचारत मी त्या खोलीत घिरट्या घालायचो. "भाऊजी, टेका की जरा कुठेतरी," वहिनी म्हणायची.

जयपूरच्याच सोडाला भागातल्या बाजारात पणत्यांशेजारी साखरेचे हत्ती-घोडे मांडले होते. वहिनीने एक हत्ती उलटा करून पाहिला. "दोन फळ्यांमधला सांधा जाड आलाय," ती म्हणाली.

दादा दुकानदाराकडे वाकला. "भैया, साँचा संभालके रखना. हमारी मिसेस लकड़ी देखते ही चूल्हे में डालती है."

माझी मुलगी इथेच वाढलेली. ती म्हणाली, "काकू, मतलब, तू खरंच जाळली?"

"जाळलीच असेन गं," वहिनी म्हणाली. "आधी वाटायचं, नाही जाळली. आता तर मलाच आठवतं, हातात घेतल्यासारखं."

मी पणत्या बघायच्या निमित्ताने पुढे गेलो. पणत्या घरी आणून ठेवलेल्या होत्या.

त्यांच्या निघायच्या दिवशी सकाळी वहिनी अंघोळीला गेली आणि दादा खाली फिरायला. मी दिवाण उघडला. वहिनीची रेक्झिनची बॅग तिच्या माहेरची, एरवी माळ्यावर पडून असणारी. तिच्या तळाच्या पुठ्ठ्याखाली मी फळी सरकवली. घरी गेल्यावर सापडेल, कधीतरी चुकून गेली असेल असं म्हणतील, थट्टा संपेल, आणि माझं नाव कुठे येणार नाही. हे मला शहाणपणाचं वाटलं.

ते गावी पोचल्यावर दादाचा फोन आला. "फळी मिळाली. हिच्याच बॅगेत. इतकी वर्षं तळाशी दडवून वर रडून दाखवत होती. जाळली म्हणून मी हसण्यावारी नेलं रे. ही लपवालपवी वेगळी." दादा या वेळी थट्टा करत नव्हता.

मग वहिनीने फोन घेतला. "भाऊजी, तुमच्याकडे यायच्या आधी ती बॅग मी पुठ्ठा काढून उन्हात झाडली होती." मग म्हणाली, "ऐकताय ना?"

"आवाज तुटतोय वहिनी," मी म्हणालो. आवाज तुटत नव्हता.

तिने पुन्हा विचारलं नाही. साच्यांचं कपाट आता दादा कुलपात ठेवतो. भिजवायला त्याच्या हाताने काढून देतो आणि सुकले की मोजून आत टाकतो. हे त्यानेच मला सांगितलं, घरची एखादी बातमी सांगावी तसं. मी "बरं" म्हणालो.

फळी मी नेली होती आणि बॅगेतही मीच ठेवली, हे दादाला वहिनीसमोर सांगणं मी तिचं देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.