प्लाझ्माचे सात दिवस

उज्वला गांगुर्डे इंदिरानगरात राहते. एका खासगी रुग्णालयाच्या रक्तपेढीत ती एकोणीस वर्षं तंत्रज्ञ आहे. प्लाझ्मा बदलायचं मशीन चालवणारे तिथे दोघंच. गेल्या ऑक्टोबरात दुसरा रजेवर गेला आणि त्याच आठवड्यात लंकाबाई दाखल झाल्या.

लंकाबाई वणीकडच्या, झेंडू पिकवणाऱ्या. हृदयात स्टेंट टाकल्यावर रक्त पातळ ठेवायची गोळी सुरू झाली होती. बाराव्या दिवशी पायांवर लाल ठिपके उठले, बोलण्याचा मेळ लागेना. प्लेटलेट्स नऊ हजार, जिथे दीड लाख तरी हव्यात. अशी गोळी क्वचितच कुणाला उलटते, पण यांना उलटली होती. डॉक्टरांनी ती बंद केली आणि रोज प्लाझ्मा बदलायचं ठरवलं.

मुलगा सोमनाथ चार रक्तदाते घेऊन दारातच उभा. "ताई, प्लेटलेट कमी हाय तर प्लेटलेटच द्या ना! डेंग्यूत माझ्या भावाला दिल्या व्हत्या."

"हा डेंग्यू नाही, दादा. आईंच्या रक्तात बारीक गुठळ्या होताहेत, प्लेटलेट्स त्यातच संपतात. वरून दिल्या तर गुठळ्या वाढायची भीती. दोष रक्तातल्या पातळ भागात, प्लाझ्मात आहे; म्हणून त्यांचा तो काढून दुसऱ्यांनी दिलेला घालायचा."

हे तिने त्याला तीन दिवसांत सहा वेळा सांगितलं. चिडायचंही त्राण उरलं नव्हतं.

रोज पिशव्या वितळवायच्या, मानेतल्या नळीला मशीन जोडायचं, तीन तास शेजारी बसायचं. ओठांना मुंग्या आल्या की कॅल्शियम द्यायचं. लंकाबाई तिला धाकटी बहीण समजून "तानू, पाणी सोडलं का गं?" विचारायच्या. उज्वला "सोडलं" म्हणायची. तिसऱ्या दिवशी बावीस हजारांवर गेलेला प्लेटलेट्सचा आकडा चौथ्या दिवशी चौदावर आला. त्या दिवशी जिना चढताना ती मधेच पायरीवर बसली.

पाचव्या दिवशी लंकाबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "तू कोण गं, बाई?"

"उज्वला. मशीन चालवते."

"लय दमलेली दिसती."

"हो," उज्वला म्हणाली. तिचे डोळे भरून आले. ती पिशवी बदलायला वळली.

सातव्या दिवशी आकडा दीड लाखावर गेला, पुढचे दोन दिवस टिकलाही. नळी निघाली. स्टेंटसाठी दुसरी गोळी मिळाली, आणि जुनीचं नाव लाल अक्षरांत फाइलवर लिहिलं गेलं. सोमनाथ आईला घेऊन वणीला गेला.

उज्वलाने चार दिवसांची रजा मागितली. एक दिवसाची मिळाली. ती दुपारपर्यंत झोपली.