न्हाणीचं पाणी

लाद्यांच्या दुकानात गेलं की मी आधी तांब्याभर पाणी मागायचे. लादी जमिनीवर ठेवायची, तिच्यावर पाणी ओतायचं, थोडा साबण चोळायचा आणि चपला काढून वर उभं राहायचं. मिरजोळ्याच्या रस्त्यावरच्या त्या दुकानदारानं पहिल्या दोन-तीन लाद्यांपर्यंत माझं कौतुक केलं. मग त्यानं एक फडकं आणून माझ्या हातात दिलं आणि स्वतः दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी हटले नाही. आई पुन्हा पडता कामा नये, एवढं एकच तेव्हा माझ्या डोक्यात होतं.

आई ऐंशीला टेकली होती. गणपतीच्या आधी ती जुन्या न्हाणीत घसरली आणि तिचा खांदा काळानिळा झाला. डॉक्टर म्हणाले, "हाडं ठिसूळ झालीत. या वेळी निभावलं, आता पडायचं नाही." जसं काही माणूस ठरवून पडतं. घरात आम्ही दोघीच. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, भाऊ मुंबईला आणि मी इथे रत्नागिरीत एका कचेरीत कारकून. मी लग्न केलं नाही, त्यामुळे आईवर हुकूम चालवायला मला भरपूर वेळ मिळाला.

जुनी न्हाणी स्वयंपाकघराला लागून होती. जांभ्याच्या भिंती, सिमेंटची जमीन, कितीही घासलं तरी कोपऱ्यात परत धरणारं शेवाळ. भिंतीच्या तळाशी एक भोक होतं. त्यातून आंघोळीचं पाणी बाहेर पडायचं आणि पाटानं वाहत परसातल्या माडाच्या आळ्यात जायचं. आमच्याकडे जुन्या घरांतून असंच असतं, न्हाणीचं पाणी माडाला. चैत्र-वैशाखात विहीर तळाला जाते, तेव्हा माडाला वेगळं पाणी कोण आणि कुठून घालणार? हा माड आईनं लग्न होऊन आली त्या वर्षी लावला होता. तिच्या आंघोळीवर वाढला, असं वडील तिला चिडवायचे. आंघोळ लवकर आटपली तर म्हणायचे, "आज माड उपाशी."

हे सगळं मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

दुसऱ्या फेरीला मी आईला दुकानात घेऊन गेले. कमोडची उंची तिच्या गुडघ्याला लावून बघायची होती. दुकानाच्या ऐन मध्यावर, चार लोकांसमोर, ती त्या कोऱ्या कमोडवर झाकण लावून बसली, पदर नीट केला आणि म्हणाली, "फोटो काढ नि पाठव भावाला. म्हणावं आई सिंहासनावर बसल्ये." दुकानदारसुद्धा हसला. भिंतीला धरायचे दांडे बघितले. तिचा कोपर कुठे येतो ते मी टेपनं मोजून घेतलं. शॉवर तिला नको होता. "पावसात उभं राहिल्यासारखं कशाला न्हायचं गो? मला आपला तांब्या बरा." ते मी ऐकलं. लादी तिला जांभ्यासारखी तांबूस आवडली होती, मळ दिसत नाही म्हणून. मी म्हटलं, "मळ दिसायलाच हवा, आई. शेवाळ धरलं तर कळायला नको?" आणि खरखरीत पांढरी लादी घेतली. पाणी ओतून, साबण लावून, उभं राहून.

तिनं मग जमिनीत बसवायची स्टीलची जाळी उचलून बघितली आणि विचारलं, "आणि पाणी कुठं जायचं?"

"पाइपातून, आई."

"पाइपातून कुठं?"

"जातं गं कुठेतरी! तू उंची बघ आधी." मी तेव्हा नळाची तोटी फिरवून बघत होते. मान वर करूनही बोलले नाही.

काम सुरू झाल्यावर गवंड्यानं तोच प्रश्न विचारला. "ताई, लाइन परसात सोडू की शोषखड्डा मारू?" मी कचेरीला निघाले होते, पायात एक चप्पल होती. पाट उघडा राहिला की डास होतात, शेवाळ धरतं, आई तिकडे गेली तर घसरेल, असा सगळा शहाणपणाचा विचार मी त्या एका चपलेवर उभ्यानं केला. "खड्डा मारा," म्हटलं. आई दारातच होती. गवंड्याला चहा हवा का, एवढं विचारून आत गेली.

न्हाणी झाली देखणी. दार रुंद, उंबरा काढलेला, दोन बाजूंना दांडे, बसायला भिंतीतला कट्टा. येईल त्याला मी ती दाखवत होते. शेजारच्या काकूंना तर चपला काढून ओल्या लादीवर उभं केलं. आई म्हणायची, "होय हो, लेकीनं पडायची सोयच ठेवली नाही."

फाल्गुनात माडाची बोंडं गळायला लागली. सुपारीएवढी कोवळी बोंडं आई ओच्यात गोळा करून आणायची आणि मागच्या पायरीवर ठेवायची. मला दिसतील अशी. मी म्हटलं, "ऊन किती आहे! रविवारी नळी लावते." एक रविवार लावली. दुसऱ्या रविवारी विहिरीत पाणी नव्हतं, आणि तिसऱ्या रविवारी मी विसरले.

त्यानंतर आईच्या आंघोळीला वेळ लागायला लागला. न्हाणीत घरातलं मोठं घमेलं दिसायचं, एक जास्तीची बादली दिसायची. मला वाटलं, कपडे भिजवत असेल. ती आता मी कचेरीला गेल्यावरच आंघोळ करायची. "तुझी घाई नको मध्ये," म्हणायची.

वैशाखात एका सकाळी काकूंचा फोन आला. मी रिक्षानं घरी पोचले तेव्हा आई मागच्या दाराच्या पायऱ्यांखाली आडवी होती आणि काकूंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. त्या तीन पायऱ्या जांभ्याच्या, झिजलेल्या, धरायला काही नाही. न्हाणीच्या नादात मी त्यांच्याकडे बघितलंही नव्हतं. बाजूला बादली कलंडली होती आणि साबणाचं पाणी जमिनीवर पसरून मुरत होतं. आंघोळीला बसताना ती पाय घमेल्यात ठेवून बसायची. घमेल्यातलं पाणी तांब्यानं बादलीत भरायची आणि अर्धी अर्धी बादली माडाला नेऊन घालायची. रोज. दीड महिना. काकूंना माहीत होतं. "तुला सांगू नको म्हणाल्या," त्या रडत म्हणाल्या. "तू ओरडशील म्हणून."

मी ओरडलेच असते.

मी खाली वाकले तेव्हा आईनं माझा हात धरला. वेदनेनं तिचा चेहरा पांढरा पडला होता आणि तरी ती माझीच समजूत घालत होती. "न्हाणीत नाही हां पडल्ये मी," ती म्हणाली. "तुझी न्हाणी चांगली आहे."

हे वाक्य मला अजून झोपू देत नाही. तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर मी त्या सोसल्या असत्या.

खुब्याचं हाड मोडलं होतं. हृदय अशक्त म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशन नको म्हटलं. आई अंथरुणाला खिळली. मी रजा घेतली आणि आधी गवंड्याला बोलावलं. त्याला वाटलं पायऱ्यांचं काम. ते तर करून घेतलंच, कठडा बसवला. मग त्याला न्हाणीत नेलं आणि म्हटलं, "ही जमीन फोडा. पाणी माडाला काढा." भिंतीलगतच्या दोन ओळी फोडाव्या लागल्या. पांढरी लादी दुकानात संपली होती, म्हणून तिथे तांबूस लादी बसवली, आईला आवडलेली. फोन आडवा धरून मी तिला फोटो दाखवला. "ठिगळ मारल्यासारखं दिसतंय," ती म्हणाली, आणि हसली. थोड्या वेळानं म्हणाली, "आता न्हाणार कोण एवढं त्यात?"

मी रोज तिचं अंग ओल्या फडक्यानं पुसत होते. तेवढं पातेलंभर पाणी न्हाणीत ओतायचे आणि परत येऊन सांगायचे, "गेलं माडाला." ती डोळे मिटून मान हलवायची. श्रावण लागला, बाहेर धो धो पाऊस कोसळत होता, माडाला आता कुणाच्या पाण्याची गरज नव्हती. तरी ती मान हलवायची आणि मी सांगायचे.

भाद्रपदात ती गेली. भाऊ पोचेपर्यंत बायका जमल्या. अंगणात चिखल होता, पाऊस थांबत नव्हता. "आंघोळ कुठे घालायची?" असं कुणी तरी विचारलं. काकू म्हणाल्या, "न्हाणीत घालू, दार रुंद आहे." दार मी चाकाच्या खुर्चीसाठी मोजून रुंद ठेवलं होतं. त्यातून चौघी तिला सहज आत घेऊन गेल्या.

एक बाई म्हणाली, "हे पाणी बाहेर झाडाला जाईल हो. असं जाऊ देऊ नये." सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

"जाऊ दे," मी म्हटलं.

तिच्या अंगावर पहिला तांब्या मी ओतला. पाणी पांढऱ्या लाद्यांवरून तांबूस ठिगळाकडे गेलं आणि जाळीतून खाली उतरलं. मी मागच्या दारानं बाहेर आले, नवा कठडा धरून तीन पायऱ्या उतरले आणि पावसात माडाच्या आळ्याशी जाऊन उभी राहिले. पाइपाच्या तोंडातून पाणी येताना दिसलं. ते गरम होतं, त्याला साबणाचा वास होता. आत जाऊन नेहमीसारखं तिला सांगावं म्हणून मी वळले.